मामांची पॉइंट टू-टू

माझा उजवा हात मनगटातून मोडला तेव्हा मी रांजणगावच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काम करत होते. इंजिनात बसणाऱ्या बारक्या पिना आमच्या हातून जायच्या. पिन मायक्रोमीटरमध्ये धरायची, आकडा वाचायचा, बरोबर असेल तर हिरव्या ट्रेमध्ये, नसेल तर लाल ट्रेमध्ये. ऐकणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल, पण मला ते काम मनापासून आवडायचं. केसाच्याही निम्म्या जाडीची चूक मला स्क्रू फिरवतानाच बोटांना कळायची.

पहिली शिफ्ट करून स्कूटीवर कवठे येमाईला घरी येत होते. मलठणच्या अलीकडं वळणावर वाळू सांडलेली होती. चाक सरकलं, मी पडले, आणि पडताना हात पुढं केला. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून बाकी काही झालं नाही. शिरूरला प्लास्टर घातलं, ते सहा आठवडे होतं. प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी फोटो पाहून हाड छान जुळलंय म्हणून सांगितलं, आणि घरी येऊन मी चहाचा कप उचलला तर निम्मा चहा बशीत.

हात थरथरत होता. व्यायाम केले, गरम पाण्याचे शेक घेतले, रबरी चेंडू दाबला. ताकद आली, थरथर गेली नाही. कामावर परत गेले तर मायक्रोमीटरचा आकडा एकदा एक आणि एकदा दुसरा यायला लागला. सुपरवायझर चांगले होते. त्यांनी मला काही न बोलता पॅकिंगला बसवलं. बाकी मुली म्हणायच्या, बरं झालं, डोळ्यांना आराम. मी हसायचे. घरी आल्यावर मात्र कुणाशी बोलावंसं वाटत नसे. पोळी लाटताना कडा वाकड्यातिकड्या व्हायच्या, आणि सासूबाई त्या पोळ्या गुपचूप स्वतःच्या ताटात घ्यायच्या.

हे सगळं घरातला एक माणूस बघत होता. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. माझे मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बोलणं कमी. सकाळी गोठा, मग पेपर, मग मळा. फौजेत असताना ते युनिटच्या संघातून नेमबाजी करायचे, आणि निवृत्तीनंतर रीतसर लायसन काढून त्यांनी एक पॉइंट टू-टू रायफल घेतली होती. आतल्या खोलीत भिंतीत पक्क्या केलेल्या लोखंडी कपाटात ती असायची आणि कपाटाची किल्ली मामांच्या करदोड्याला. महिन्यातून दोन रविवार ते ती घेऊन कासुर्डीला जात. तिथं एका बंद पडलेल्या खडीच्या खाणीत रायफल क्लबाची रेंज होती. सासूबाईंनी जुन्या सतरंजीची लांब खोळ शिवून दिली होती. त्या खोळीतून रायफल नेताना बघून एसटीतली माणसं विचारायची, भजनाला निघालात का? मामा मान हलवायचे. अकरा वर्षं मी त्या घरात होते, पण त्या रायफलीला माझं बोटही लागलं नव्हतं. मला त्या वस्तूची भीती वाटायची असंही नाही. ती मामांची होती, एवढंच.

दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात सकाळी मी मोकळी असायचे. अशाच एका सकाळी मामांनी मागच्या पडवीत सतरंजी अंथरली, रायफल आणली आणि मला हाक मारली.

"ये. धर जरा."

मी म्हटलं, मामा, माझ्या हातानं कप उचलवत नाही.

"म्हणून तर. मारायचं काय न्हाई. नुसती धर."

आधी त्यांनी बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवायचा दांडा, मागं ओढला आणि मला नळीच्या मागच्या तोंडाशी करंगळी घालून बघायला लावली, आत गोळी नाही ना. मग बंद केला, मला देताना परत उघडला आणि परत बघायला लावलं. आत्ताच तर बघितलं, असं मी म्हटल्यावर म्हणाले, हातातून हातात गेली की परत बघायचं, माझ्या हातातून आली तरी. हा त्यांचा पहिला नियम होता, आणि तो त्यांनी मला शंभरदा तरी ऐकवला असेल.

मग त्यांनी खिशातून पितळेची एक बारीकशी पुंगळी काढली. उडवून झालेल्या गोळीचं रिकामं टरफल, पेन्सिलीच्या तुकड्याएवढं. ती आत सरकवत त्यांनी मला समजावलं. मोठ्या बंदुकीच्या गोळीला बुडाशी मधोमध टोपी असते, चाप ओढला की बंदुकीतली पिन तिच्यावर बसते. ह्या बारक्या गोळीचं तसं नसतं. हिची दारू बुडाच्या कडेत भरलेली असते, पिन कडेवर बसते तेव्हा ती पेटते. त्यामुळं नळी अगदी रिकामी ठेवून चाप ओढत राहिलं तर पिन लोखंडी कडेवर आपटून खराब होते. पुंगळी असली की तो मार पितळ सोसतं.

अकरा वर्षांत मामा माझ्याशी सलग इतकं कधीच बोलले नव्हते.

मी पालथी झोपले, कोपर टेकले, दस्ता खांद्याला लावला. समोर गोठ्याची पांढरी भिंत. नेम कशावर धरू विचारलं तर मामा इकडं तिकडं बघायला लागले. मी उठले, कपाळावरची टिकली काढली आणि भिंतीवर चिकटवली. मामा जरा गोंधळले, मग म्हणाले, चांगलं हाय, गोल हाय आन् काळं हाय.

नळीच्या टोकाला माशी असते, म्हणजे नेम धरायचा छोटा उभा काटा. तो काटा टिकलीभोवती असा फिरत होता की मला रडूच आलं. माझा हात किती हलतो हे तोवर मी कधी असं बघितलं नव्हतं. कपातला चहा सांडतो तेव्हा आपण सांडलेल्या चहाकडं बघतो. इथं थरथर समोर भिंतीवर मोठी करून दाखवल्यासारखी दिसत होती. मामांनी माझं रडणं बघितलं की नाही, माहीत नाही. ते बाजूला उकिडवे बसले होते.

"थांबवायला जाऊ नको तिला," ते म्हणाले. "ती थांबत नसती. सगळ्यांचा हात हलतो. फौजेतल्या चांगल्यातल्या चांगल्या नेमबाजाचाबी हलतो. ती किती हाय ते नुसतं बघ. श्वास अर्धा सोड आन् तिच्या मधी चाप दाब."

मी चाप दाबला. टक्क. काहीच झालं नाही, भिंतीवर टिकली तशीच. पण पडल्या दिवसापासून मी हाताला थांब, थांब म्हणत होते ते पहिल्यांदा म्हटलं नाही.

मग ते रोजचंच झालं. दुसरी शिफ्ट असली की सकाळी, पहिली असली की संध्याकाळी उजेड असेपर्यंत. पंधरा मिनिटं, त्याहून जास्त मामा करू देत नसत. आठवडाभरानं त्यांनी नळीवर, माशीच्या मागं, पाच रुपयांचं नाणं ठेवलं. चाप दाबल्यावर नाणं पडता कामा नये. पहिल्या दिवशी ते ठेवता ठेवताच पडलं. महिन्याभरानं दहातले चार वेळा राहायला लागलं. टिकल्यांचं पाकीट संपलं की सासूबाई म्हणायच्या, कपाळाला कमी आन् भिंतीला जास्त. माझा नवरा दुधाची गाडी चालवतो. तो आला की आधी भिंतीकडं बघायचा आणि मग माझ्या हाताकडं. कधी काही विचारलं नाही. त्या दिवसांत कुणी काही विचारत नव्हतं, याचे उपकार मला आजही वाटतात.

खरी गोळी मारायला मला चार महिने लागले. लायसन मामांचं, त्यामुळं क्लबाची मेंबर झाल्याशिवाय आणि सुरक्षेचं शिक्षण घेतल्याशिवाय मामा मला रेंजवर हात लावू देईनात. फॉर्म भरले, डॉक्टरचा दाखला दिला, आणि एका थंडीतल्या रविवारी नवऱ्याच्या पिकअपमधून आम्ही न्हावरा, चौफुला करत कासुर्डीला पोहोचलो.

रेंज सांभाळायला एक चाचा होते. दौंडचे. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेले, तिथून निवृत्त झाल्यावर इथं. मामांची आणि त्यांची वीस वर्षांची ओळख, पण दोघं एकमेकांना अजूनही अहो-जाहो करायचे. चाचांच्या गळ्यात एक शिट्टी असायची. ती वाजली की सगळ्यांनी बोल्ट उघडून रायफल खाली ठेवायची आणि मागं सरायचं. कुणी किती मोठा असो. एकदा एका पुढाऱ्याला त्यांनी दोन शिट्ट्या मारून उठवलं होतं, असं मामा मोठ्या कौतुकानं सांगायचे.

मी झोपले. खडीचा वास, थंड जमीन, पोटाखाली सतरंजी. पन्नास मीटरवर कागद. मामांनी एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली. शेंगदाण्याहून थोडी लांब असेल. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण चार महिने घालवले असं मनात आलं. मग चाप दाबला. वाळकी काटकी मोडावी तेवढाच आवाज झाला. खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. चाचांनी दुर्बिणीतून बघितलं आणि म्हणाले, कागदाला लागली बेटी, पण तुझ्या कागदाला नाही, शेजारच्या. मामा हसले. मामांना मोठ्यानं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

त्यानंतर मी त्या रायफलीनं खूप गोळ्या मारल्या. त्यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं असं कुणी विचारलं तर मला पटकन सांगता यायचं नाही. पौषातल्या सकाळी कागदावर दहा मारायच्या आणि मग चालत जाऊन त्या भोकांवर बोट फिरवायचं, ते आवडतं. कुठली गोळी श्वास रोखून मारली आणि कुठली घाईनं, ते भोक बघून आठवतं. चाचांनी नांगराच्या जुन्या फाळांच्या वाटीएवढ्या चकत्या करून साखळीनं टांगल्या होत्या. गोळी लागली की त्या घुमायच्या. कागदावर कमी पडलेल्या दिवशीही एखादी चकती वाजली की जीव हलका व्हायचा. आणि रेंज बंद व्हायच्या आधी चाचांचा एक खेळ असायचा. प्रत्येकाला एकच गोळी. ती मारायची आणि सामान आवरायचं. चांगली गेली तर चांगली घेऊन घरी जायचं, वाईट गेली तर वाईट. दुसरी मागायची नाही. माझ्या कितीतरी वाईट गेल्या. कासुर्डीहून कवठ्यापर्यंत त्या एका गोळीचा विचार करत मी गाडीत बसलेली असायचे, आणि घर आलं तरी हाताचा विचार एकदाही डोक्यात आलेला नसायचा.

पण खरं आवडतं ते साफ करणं. घरी आल्यावर पडवीत बसून दोरीला चिंधी बांधायची आणि नळीतून ओढून काढायची. एक तेलाची, दोन कोरड्या. चिंधी काळी निघते, मग करडी, मग पांढरी. तेवढा वेळ मामा बोलायचे. बर्फातल्या चौकीबद्दल, तिथल्या सोबत्यांबद्दल, सासूबाईंच्या पहिल्या पत्राबद्दल, जे त्यांना तीन महिन्यांनी मिळालं होतं. शेवटची चिंधी पांढरी निघाली की गप्प. मी कधी कधी उगाच एक चिंधी जास्त ओढायचे.

वर्षभरानं मी सुपरवायझरांकडं गेले आणि मला एकदा तपासून बघा म्हणाले. त्यांनी वीस पिना दिल्या, त्यात चार मुद्दाम चुकीच्या. मी श्वास अर्धा सोडून मायक्रोमीटर फिरवला. चारही लाल ट्रेमध्ये गेल्या. त्या सोमवारपासून मी माझ्या टेबलावर परत गेले. हात आजही हलतो, थंडीत जास्त. पण त्याच्यात काम कसं करायचं ते आता मला माहीत आहे.

पुढची गोष्ट सांगायची तर बिबट्याची सांगावी लागेल.

आमच्या भागात ऊस झाला तसे बिबटे आले. ते उसातच जन्मतात, उसातच वाढतात. त्या वर्षी आमच्या वस्तीवर एकाचा वावर वाढला. आधी कुत्री गेली, मग दोन शेळ्या, आणि एका पहाटे शेजारच्या आप्पांची कालवड. आप्पा म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेले शेतकरी, सोसायटीचे जुने संचालक, वस्तीवर त्यांच्या शब्दाला वजन. ती कालवड त्यांच्या नातीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली होती. वन खात्याला फोन झाला होता, पिंजरा दुसऱ्या गावात लागलेला, तो आणायला दोन दिवस लागणार होते. वस्तीवरच्या बायका गवताला जायला तयार नव्हत्या. मुलांचं शाळेत जाणं बंद.

त्या सकाळी आप्पा सात-आठ माणसं घेऊन आमच्या अंगणात आले. त्यांच्या हाताला अजून कालवडीचं रक्त होतं. ते मामांना म्हणाले, बंदूक काढा, तो वरच्या उसातच बसलाय, हाकून काढतो.

मामांना तेव्हा कमी दिसायला लागलं होतं. डोळ्यांच्या मधोमध काळा डाग, आणि शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की तो जायचा नाही. कडेचं दिसायचं, समोरचं दिसायचं नाही. सगळा जन्म मधल्या ठिपक्याकडं बघण्यात गेलेल्या माणसाचा नेमका तोच ठिपका गेला होता. त्यांनी आप्पांना तसं सांगितलं.

आप्पा माझ्याकडं वळले. "तुम्हाला दिसत न्हाई, तिला दिसतंय ना? सूनबाईचा नेम काय हाय ते सगळ्या गावाला ठावं हाय."

मला वाटलं मामा आता नाही म्हणतील. ते नाही म्हणाले असते तर मी सुटले असते. ते म्हणाले, "मग तिला विचारा."

सगळी माझ्याकडं बघायला लागली. कडेला नवरा उभा होता, तोही. मी खोटं बोलणार नाही, क्षणभर मला हो म्हणावंसं वाटलं. आप्पांची नात त्यांच्या मागं उभी होती आणि तिच्या हातात ती दुधाची बाटली होती. एवढी सगळी माणसं माझ्या ह्या हाताकडं मदत मागत होती, ज्या हातानं कधी काळी कप उचलवत नव्हता.

मी म्हटलं, "न्हाई आप्पा. ह्या गोळीनं तो मरायचा न्हाई. जखमी हुईल, आन् जखमी होऊन उसात बसला तर उद्या पहिला बळी गवताला गेलेल्या बाईचा जाईल. आन् मारणं कायद्यात बसत न्हाई. माझ्या नावावर तर लायसनबी न्हाई."

आप्पा म्हणाले, मग ती कपाटात कशाला ठेवलीय, पूजा करायला? मागून कुणीतरी म्हणालं, टिकल्या मारायला. दोघं-चौघं हसले. मी परत एकदा नाही म्हणाले.

ते गेले. त्या दिवसांत आम्ही मग जे करण्यासारखं होतं ते केलं. नवऱ्यानं दुधाची गाडी पिंजरा येईपर्यंत दोन दिवस वस्तीवरच्या मुलांना शाळेत न्यायला लावली. मी रजा टाकली आणि बायकांच्या बरोबर पत्र्याचे डबे वाजवत गवताला गेले. पिंजरा आला, लागला, आणि नवव्या सकाळी त्यात बिबट्या सापडला. मादी होती. आम्ही लांबून बघितली. आप्पाही आले होते. त्यांनी बघितलं आणि निघून गेले.

त्यानंतर कित्येक महिने आप्पा आमच्या अंगणात आले नाहीत. बांधावर भेटले तर मामांना रामराम, मला नाही. मला त्याचं वाईट वाटायचं. मी एकदा मामांना म्हटलंही, तुम्ही माझ्यावर कशाला टाकलंत, तुम्हीच नाही म्हणायचं होतं. मामा म्हणाले, "मी म्हणालो असतो तर म्हाताऱ्याला दिसत न्हाई म्हणून न्हाई म्हणला, असं झालं असतं."

मग दिवाळीनंतर एका संध्याकाळी मामांनी नवऱ्याला आणि मला बसवून घेतलं. त्यांचं वय सत्तरीच्या पुढं गेलं होतं. त्या वयात लायसनवाल्याला आपलं हत्यार घरातल्या वारसाच्या नावावर करता येतं, त्याला वेगळं लायसन काढावं लागतं. मामांनी चाचांकडून सगळी माहिती काढून आणली होती. मला वाटलं नवऱ्याच्या नावावर करतील, एकुलता एक मुलगा. ते म्हणाले, सुनेच्या नावावर अर्ज करायचा हाय, तुझी हरकत हाय का? नवरा म्हणाला, "मी काय करू तिचं? मला तर दुधाच्या कॅनचं झाकण नीट बसवता येत न्हाई." आणि सासूबाईंना म्हणाला, आई, तुलाच विचारायला पाहिजे, टिकल्या तुझ्या खर्चात येतात.

अर्ज गेला. ह्या कामात चौकशी होते. पोलीस घरी आले, कपाट बघितलं, मला प्रश्न विचारले. कशासाठी पाहिजे? मी म्हटलं, खेळासाठी. मग त्यांना शेजारच्या दोन माणसांचे जबाब हवे होते, ही बाई कशी आहे, हत्यार देण्यासारखी आहे का. एक जबाब ग्रामपंचायतीच्या माजी सदस्यानं दिला. दुसऱ्यासाठी ते थेट बांधापलीकडं आप्पांकडं गेले. मी भाजी निवडत ओसरीवर बसले होते. आप्पांनी एक शब्द वाकडा काढला असता तरी अर्ज अडला असता, आणि तसा काढायला त्यांच्याकडं कारणही होतं.

आप्पा काय म्हणाले ते मला पोलिसांनीच परत येऊन सांगितलं, आणि नंतर स्वतः आप्पांनीही. ते म्हणाले, "तिच्या हातात बंदूक असली तर मला भ्याव न्हाई. माझी कालवड गेली तवा मी आन् समदी वस्ती तिच्या अंगणात उभी होतो. मार म्हणत होतो. तिनं कपाटसुद्धा उघडलं न्हाई. अशा माणसाला द्यायची न्हाई तर मग कुणाला द्यायची?"

त्याच संध्याकाळी ते चहाला आले. बिबट्याचा विषय कुणी काढला नाही. मामांशी उसाच्या तोडीबद्दल बोलले, आणि उठताना मला म्हणाले, सूनबाई, त्या दिवशी मी बोललो ते मनात ठेवू नका. मी म्हटलं, नाही आप्पा. खरं तर ठेवलं होतं, पण तेव्हा निघून गेलं.

लायसन माझ्या नावावर यायला पावसाळा उजाडला. कपाटाची किल्ली मामांनी करदोड्यातून सोडवून माझ्या हातात दिली. आमच्यात मोठ्या माणसांचे आभार मानायची पद्धत नाही, पाया पडतात. मी पाया पडले. पण तेवढ्यानं भागलं असं मला कधी वाटलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. माझ्या मोडलेल्या हाताला दहा जणांनी तेल, लेप, डॉक्टर आणि देव सुचवले. मामांनी मला एक काम दिलं आणि मी ते करत असताना शेजारी उकिडवे बसून राहिले.

मागच्या थंडीत मी त्यांना कासुर्डीला घेऊन गेले. आता गाडी मी चालवते आणि खोळ मांडीवर घेऊन मामा शेजारी बसतात. रेंजवर गर्दी नव्हती. बाकीचे उठले तेव्हा चाचा म्हणाले, हवालदारसाहेब, आज तुम्ही झोपा. मामा म्हणाले, मला दिसत न्हाई ते ठावं हाय ना तुम्हाला. चाचा म्हणाले, तिला दिसतं.

दोन वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवली. मामा हळूहळू, एकेक गुडघा टेकत पालथे झाले. पंचवीस मीटरवरची चकती धरली. मी त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून झोपले आणि नळीच्या रेषेत बघत सांगत गेले. जरा डावीकडं. अजून. खाली थोडं. बास. आणि मी बास म्हटलं की ते अर्धा श्वास सोडायचे. ते मला ऐकू येत होतं.

पाच गोळ्या दिल्या होत्या. पहिल्या दोन मातीत गेल्या. तिसऱ्यानं चकती वाजली. मामांनी मान वळवून डोळ्यांच्या कडेनं माझ्याकडं बघितलं, तसंच बघावं लागतं त्यांना आता, आणि म्हणाले, "लागली व्हय?" मी म्हटलं, लागली. चौथी परत मातीत. पाचवी त्यांनी मारली नाही. बोल्ट उघडून ती गोळी काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ही तू मार, मी ऐकतो.

येताना चौफुल्याला थांबून आम्ही मिसळ खाल्ली. मामांना तिखट चालत नाही, पण त्या दिवशी त्यांनी जास्तीचा रस्सा मागून घेतला आणि सासूबाईंना सांगायचं नाही असं मला बजावलं. मी अजून सांगितलेलं नाही.